वरून दिसलेली गाडवाट

आर्णीला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी, आणि गेल्या काही वर्षांपासून ड्रोन. वरात निघाली की ड्रोन वर गेलाच पाहिजे, नाहीतर नवरदेवाकडचे लोक तोंड पाडतात. हौस म्हणून मी त्याच्यासोबतचा डोळ्यांवर चढवायचा चष्माही घेतला होता. तो लावला की आपण स्वतःच उडतोय असं वाटतं.

त्याच ड्रोनपायी मला यवतमाळला एका प्रशिक्षणाला बोलावणं आलं. ज्यांच्याकडे ड्रोन आहेत त्यांनी पुरात किंवा जंगलात माणूस हरवला तर मदतीला यावं, असा बेत होता. तिथे आम्हाला आभासी पुरात सोडलं. खुर्चीत बसून, डोळ्यांवर व्हीआरचा डबा लावून, छपरांवर अडकलेली माणसं शोधायची. मी तीन शोधली आणि चौथ्याच्या मागे वाकता वाकता खुर्चीवरून घसरलो. शिकवणाऱ्या बाईंनी मात्र एक गोष्ट पक्की करून घेतली. वखर चालतो तसं शोधायचं. एक पट्टा जाताना, शेजारचा येताना, मधे जागा सोडायची नाही. जाताना माझा नंबर यादीत लिहून घेतला.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी पोलिस ठाण्यातल्या जमादारांचा फोन आला. जवळच्या बंजारा तांड्यातला म्हातारा पहाटेपासून दिसत नव्हता. दुपारी माझं हळदीचं शूटिंग होतं. खरं सांगायचं तर माझ्या तोंडून आधी "दुसरं कोणी नाही का?" असंच निघालं. मग मीच म्हणालो, "येतो."

बॅग पाठीला लावून गाडीवरून तांड्यावर पोचलो, तेव्हा घरापुढे माणसं जमली होती. म्हाताऱ्याच्या सुनेनं सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून त्यांना काही आठवत नव्हतं. जेवलेलं विसरायचे, मुलाला ओळखायचे नाहीत, बायकोलाच याडी, म्हणजे आई, म्हणून हाक मारायचे. महागावच्या रस्त्यावर, एसटी थांब्याजवळ कोणीतरी एक म्हातारा पाहिला होता. म्हणून मुलगा आणि गावची पोरं गाड्या घेऊन तिकडेच गेली होती.

"भाऊ, तुम्ही बी तिकडूनच पाहा," जमादार म्हणाले.

मी रस्त्याच्या बाजूनं पट्टे पाडत ड्रोन फिरवला. तुरी माणसाच्या डोक्यावर गेलेल्या, फुलावर आलेल्या. वरून नुसता पिवळा-हिरवा गालिचा. त्याखाली माणूस झोपला असेल तर दिसणार कसा? एकदा पांढरा सदरा दिसला. मी ओरडलो, दोघं पळत गेले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतातलं बुजगावणं निघालं. तीनपैकी दोन बॅटऱ्या संपल्या.

इतका वेळ म्हाताऱ्याची बायको दारापुढच्या खाटेवर बसून होती. ती सकाळपासून म्हणत होती की ते रस्त्याकडे जाणारच नाहीत. पण तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आता ती उठून माझ्याजवळ आली.

"बापू, तुया त्या यंत्रात काय दिसते?"

मी मोबाइलचा पडदा तिच्यापुढे धरला. उन्हात तो आरशासारखा चमकत होता, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. "मले तं नुसता उजेड दिसते," ती म्हणाली.

तेव्हा मला बॅगेतला चष्मा आठवला. त्यात ऊन शिरत नाही आणि चित्र सिनेमासारखं मोठं दिसतं. तिला पुन्हा खाटेवर बसवून मी तो तिच्या डोळ्यांवर लावायला गेलो, तर पट्टा तिच्या गालांवर लोंबणाऱ्या रुप्याच्या घुगऱ्यांत अडकला. सुनेनं हळूच सोडवून नीट बसवला. मी शेवटची बॅटरी टाकली आणि ड्रोन वर नेला. तिला चष्म्यात आणि मला मोबाइलवर एकच चित्र दिसत होतं. पडद्यावर सावली धरायला जमादार टोपी घेऊन उभे राहिले.

"अगं माय!" तिनं माझी बाही घट्ट पकडली. "हे आपलं छप्पर? अन् थे खाली कोण बसलं हाय?"

"तुम्हीच आहात, माय."

तिनं हात वर करून पाहिला. चित्रातल्या बाईनंही केला. ती जराशी हसली आणि लगेच गंभीर झाली. "हळू ने."

"कुठे नेऊ?"

"धरणाकडे ने. थो रोज म्हणते, घरी जाऊ. म्या म्हटलं, हेच घर हाय. त्याले पटतच नाई. त्याचं घर म्हणजे जुना तांडा. धरणात गेला थो."

तांड्यामागे सोयाबीन निघून गेलेल्या शेतांत हरभरा नुकताच उगवला होता. ड्रोन त्याच्यावर गेला आणि तिनं माझी बाही ओढली.

"थांब! ही तं आमची गाडवाट!"

मी डोळे बारीक करून पाहिलं. हिरव्या शेतातून एक फिकट पट्टा गेला होता. त्या पट्ट्यात हरभरा विरळ उगवला होता. बैलगाड्यांच्या चाकांनी घट्ट झालेली ती जमीन इतक्या वर्षांच्या वखरणीनंतरही मोकळी झाली नव्हती. शेतात उभं राहून पाहिलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. वरून मात्र ती वाट धुरे, म्हणजे शेतांचे बांध, ओलांडत थेट धरणाच्या पाण्यात उतरलेली दिसत होती.

"ह्याच वाटेनं थो कापसाच्या गाड्या आणे," ती म्हणाली. "चाल, चाल."

वाट पाण्यात शिरते तिथे, काठाच्या गाळात, एक पांढरा ठिपका होता. मी जरा खाली आलो. माणूस होता. मांड्यांपर्यंत रुतलेला, मागे हात टेकून बसल्यासारखा.

"थोच हाय!" ती म्हणाली, आणि त्यांच्या गोरबोलीत त्याला मोठमोठ्यानं हाका मारू लागली.

"माय, त्यांना ऐकू जात नाही."

"तं मंग तू सांग न त्याले!"

माझ्या ड्रोनवर स्पीकर नाही. निदान म्हाताऱ्याला धीर येईल म्हणून मी ड्रोन आणखी खाली नेला. ती माझी चूक झाली. म्हातारा घाबरला, दोन्ही हातांनी डोकं झाकून वळायला गेला आणि आणखी खचला. मी झटकन ड्रोन वर घेतला आणि त्यांच्या डोक्यावर उंच धरून ठेवला. जमादार आणि चार-पाच जण शेजारची एक खाट उचलून, आकाशातला तो ठिपका पाहत धावत सुटले.

बॅटरीची धोक्याची घंटी वाजायला लागली. परत आणायचा तर आत्ताच. मी आणला नाही. माणसं शेवटच्या धुऱ्यापर्यंत पोचल्यावर तो हरभऱ्यात उतरवला. पाती तुटली आणि चित्र गेलं.

"काळं झालं, बापू," म्हातारी म्हणाली.

"ते पोचले आहेत, माय. चष्मा काढा आता."

तिनं नाही काढला. त्या काळोखातच मान ताठ ठेवून बसून राहिली. सून तिच्या पायाशी बसली होती. तो वेळ किती गेला कोण जाणे, मला फार वाटला. शेवटी माझा मोबाइल वाजला.

"भेटला," जमादार धापा टाकत होते. "गाळावर खाट टाकून ओढला त्याले. बोलून राह्यला."

मी ते मोठ्यानं सांगितलं. तेव्हा तिनं चष्मा काढला. आतल्या काचा ओल्या झाल्या होत्या. तिनं त्या पदरानं पुसल्या आणि चष्मा माझ्या हातात दिला.

म्हाताऱ्याला त्याच खाटेवर घालून आणलं. कमरेपर्यंत चिखल, ओठ कोरडे पडलेले. सकाळपासून तिनं मनात काय काय बोलून ठेवलं असेल. ती रागानंच पुढे झाली. पण त्यांनी तिचा हात धरला आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "याडी, आपल्या घरात पानी शिरलं वं."

ती तशीच थांबली. मग त्यांच्या कपाळावरचा चिखल बोटांनी काढत म्हणाली, "व्हय. उतरंल."

अँब्युलन्सनं त्यांना यवतमाळला नेलं. चार दिवसांनी ते घरी आले.

संक्रांतीच्या सुमारास मी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून तांड्यावर डोकावलो. आता म्हाताऱ्याला कोंडून ठेवत असतील असं मला वाटलं होतं. घरी दोघंही नव्हते. सून म्हणाली, "धरणाकडे गेलते. आता येतीन."

आठवड्यातून दोनदा सासू स्वतःच त्यांना तिकडे नेते, असं तिनं सांगितलं. आधी मुलगा यावर चिडला होता. पण जाऊन आल्यावर ते पोटभर जेवतात आणि शांत झोपतात. तेव्हापासून तोही काही बोलत नाही.

थोड्या वेळानं हरभऱ्याच्या धुऱ्यावरून ती दोघं येताना दिसली. ती पुढे, तिच्या पदराचं टोक हातात धरून ते मागे. त्यांनी मला ओळखलं नाही. पण पाहुणा दिसला म्हणून सुनेला चहा ठेवायला सांगितला.