शेजारचा ब्रेक

ब्रेकमामांचं खरं नाव त्यांच्या लायसनवर होतं, आणि ते लायसन आजवर कुणी मागितलंच नाही, त्यामुळं नाव तिथंच पडून राहिलं. त्यांची गाडी शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे चौकातला एक गाळा, त्यात एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा उन्हानं विटलेला तक्ता आणि दारात एक पांढरी गाडी. या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी मामांच्या पायाशी दुसरा. शिकणारा गडबडला की मामांचा पाय खाली. ओरडणं नाही, शिवी नाही, नुसता पाय. अर्धं शहर त्या पायानं वाचवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला वाचल्याचा पत्ताही नव्हता.

पण पाय काही लोखंडाचा नसतो. लोकांच्या चुका दाबून दाबून मामांचा गुडघा झिजला. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला आणि आता दाबादाबी बंद म्हणून सांगितलं. म्हणजे बाजूच्या सीटवर दुसरं कुणीतरी बसवणं आलं. मामांनी एका निवृत्त बसड्रायव्हरशी बोलून ठेवलं.

हे भिंगरीच्या कानावर गेलं आणि त्याला घास गोड लागेना. भिंगरी हा मामांचा भाचा. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. आता मिशा फुटल्या तरी नाव काही गळालं नाही. मायलेकरं मामांच्याच घरात राहायची. गाडी धुणं, शिकणाऱ्यांना घरून आणणं, परत सोडणं, ही त्याची कामं. चालवायला तो मामांकडंच शिकला, आणि शिकून झाल्यावरही मामांना शेजारी घेऊनच चालवत राहिला, कारण पांढरी गाडी हलली की मामा तिच्यात असायचेच. ती सीट त्यांच्या अंगाच्या आकाराची झाली होती. त्या खळग्यात आपण बसायचं आणि लोकांनी आपल्याला 'सर' म्हणायचं, हे भिंगरीनं मिसरूड फुटायच्या आधीपासून ठरवून टाकलं होतं. परका माणूस तिथं बसणार म्हणजे घरच्या चुलीवर शेजाऱ्यानं पोळी भाजून घेण्यातला प्रकार.

तो मामांशी बोलला. मामांनी कान खाजवला आणि सांगितलं की सीट तुझीच आहे, पण आधी स्वतःची एखादी गाडी घे, स्वतःच्या जबाबदारीवर वापर, आणि ओरखडा न पाडता वापरून दाखव. तोवर बसड्रायव्हरला थांबवतो.

मामांच्या डोळ्यांपुढं एखादी जुनी, गरीब, चार दारांची गाडी होती. भिंगरीनं आणली ती स्पोर्ट्स कार.

पिवळीधमक. दोन दारं, दोन सीटा, नाक पुढं काढलेलं आणि पोट जमिनीला टेकतंय की काय अशी शंका यावी इतकी बुटकी. आधी ती दातांच्या डॉक्टरांकडं होती. त्यांनी हौसेनं घेतली, पण तिच्यात बसता उठता त्यांची कंबर धरली, आणि दाढ काढायला वाकता येईना तेव्हा त्यांनी गाडी विकायला काढली. भिंगरीनं आपली मोटरसायकल आणि गाठीचं सगळं देऊन ती घरी आणली. गल्लीतली पोरं गोळा झाली. कुत्र्यांनी चाकं हुंगली आणि पसंती नोंदवली. आई दारात येऊन बराच वेळ बघत राहिली.

"ही उभी आहे की बसली आहे?" तिनं विचारलं.

मामांनी नुसती एक चक्कर मारली. त्यानंतर रोज सकाळी ते दात घासत गाडीभोवती एक चक्कर मारायचे, दुधाच्या पातेल्याभोवती मांजर फिरावं तसं. बोलायचे काही नाहीत.

बोलण्यासारखं मात्र लवकरच दिसायला लागलं. आधी फाटकाचा खांब लागला. मग शेजाऱ्यांची कुंडी. मग कचऱ्याचा डबा, जो बिचारा गेली कित्येक वर्षं एकाच जागी होता. प्रत्येक वेळी थोडक्यात, जाता जाता, प्रेमानं गाल घासावा तसं. भिंगरीनं दुकानातून पिवळ्या नेलपॉलिशची बाटली आणली. दुकानदारीण जराशी हसली, पण तिनं रंग जुळवून दिला. ओरखड्यांवर नेलपॉलिश बसलं खरं, पण उन्हात गाडी अशी चमकायची की जिथं जिथं लागलं होतं तेच नेमकं आधी दिसायचं. झाकायला गेला आणि चव्हाट्यावर मांडून बसला.

मामांनी एका सकाळी दात घासता घासता तिकडं बोट केलं. भिंगरी म्हणाला, दोष ब्रेकचा आहे, उशिरा लागतो. मामा म्हणाले, मग आधी ब्रेक दुरुस्त कर, तोवरचं मी मोजत नाही.

भिंगरीला हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की गाडीचा ब्रेक उशिरा लागतो. पांढऱ्या गाडीत समोर काही आलं की गाडी आपोआप मऊपणानं थांबायची. भिंगरीला पायाचा नुसता भार द्यावा लागे. ही पिवळी मात्र कानात बोळे घातल्यासारखी पुढंच जायची.

मिस्त्रीनं ब्रेक उघडला, पुसला, लावला. भिंगरी परत गेला. मिस्त्रीनं तेल बदललं. भिंगरी पुन्हा परत गेला. तेव्हा मिस्त्री स्वतः गाडीत शिरला, गल्लीच्या टोकापर्यंत भरधाव गेला आणि झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीशी त्यानं ती अशी थांबवली की कुत्र्यानं डोळासुद्धा उघडला नाही. मग कसाबसा बाहेर येत, गुडघ्यावर हात टेकून तो म्हणाला, "गाडीचे ब्रेक ठणठणीत आहेत. माणसाचे ढिले असतील तर ते आमच्याकडं होत नाहीत."

भिंगरीला राग आला. नाचता येईना, अंगण वाकडं, असं कुणी आपल्याला म्हणावं, आणि तेही तेलकट हातानं कपाळ पुसत. त्यानं ठरवलं की मिस्त्रीला काही कळत नाही.

अशातच पांढरी गाडी रंगवायला दिलेली असताना मामांना गुडघ्याच्या डॉक्टरकडं जायची वेळ आली. पिवळीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आईनं आणि भिंगरीनं मिळून त्यांना आत घातलं, आधी डोकं, मग बाकीचं, आणि शेवटी तो दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, बाजल्याचा पाय ठेवावा तसा.

पहिल्याच वळणावर आवाज आला. ठप.

भिंगरीनं बघितलं. मामांचा पाय गाडीच्या तळावर आपटला होता. पुढं सिग्नल आला. ठप. एक सायकलवाला आडवा गेला. ठप.

"मामा, तिकडं ब्रेक नाही," भिंगरी हसत म्हणाला.

"मला माहीत आहे रे," मामा म्हणाले. "पायाला माहीत नाही."

दोघंही हसले. हसता हसता गाडी शिंप्यांच्या गल्लीत वळली. तिथं टेलरकाकूंचं दुकान होतं. काकू मामांच्या शाळेतल्या विद्यार्थिनी. कात्रीइतकीच जीभ चालायची, गाडी मात्र अजून चालत नव्हती. त्या दिवशी त्या दुकान समोरच्या मोठ्या जागेत हलवत होत्या. कपडे घालून बघायचा पुरुषभर उंचीचा आरसा त्यांनी एका बाजूनं धरला होता, त्यांच्या कारागिरानं दुसऱ्या, आणि दोघं तो रस्त्यातून आडवा नेत होते.

भिंगरीला आरसा दिसला नाही. त्याला दिसली एक पिवळी गाडी, समोरून, सरळ अंगावर येणारी. त्याला वाटलं, कोण हा शहाणा. आत एक म्हातारा पाय ताणून मागं रेललेला, आणि त्याच्या शेजारी एक पोरगा, चाकावर हात ठेवून, तोंड किंचित उघडं, बसमध्ये खिडकीशी बसावं तसा निवांत. थांबव की रे, भिंगरी मनात म्हणाला. काय वाट बघतोयस?

ठप.

तो आवाज झाला तेव्हा त्याला कळलं की समोरचा पोरगा कशाची वाट बघत होता.

त्यानं ब्रेकवर अक्षरशः उभा राहून पाय दाबला. गाडी थांबली. खरं तर अगदी वेळेवर थांबली म्हणावी इतकी थांबली. नाक नुसतं आरशाच्या खालच्या चौकटीला टेकलं. काकू आणि कारागीर जागच्या जागी उभे. मग आरशात वरून खाली एक चीर गेली, घाई न करता, एखादी शिवण उसवावी तशी, आणि आरशातल्या एका गाडीच्या दोन झाल्या.

गल्ली गोळा व्हायला वेळ लागला नाही. कुणाला काही झालेलं नाही हे बघून झाल्यावर लोकांनी जीभ सोडली. काकूंनी कमरेवर हात ठेवले. चूक कुणाची ते विचारायची गरज नव्हती; कारण काय ते तेवढं राहिलं होतं.

आतून मामा बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ब्रेक लागला नाही. जुनी गाडी आहे."

भिंगरीनं त्यांच्याकडं पाहिलं. मामा समोर बघत होते. त्या एका वाक्यात सगळं होतं: सीट, खळगा, 'सर', आणि बसड्रायव्हरला घरी बसवणं. ब्रेकचा दोष म्हणजे मोजायचं नाही, असं ठरलेलंच होतं. फक्त मान हलवायची होती.

भिंगरी गाडीतून बाहेर आला. म्हणजे आधी एक पाय, मग हात, मग अडकलेला दुसरा पाय. या गाडीतून कुणालाच रुबाबात उतरता येत नसे.

"ब्रेक चांगला आहे," तो म्हणाला. "मी दाबलाच नव्हता. मला वाटलं, मामा दाबतील."

गल्लीनं वाकून मामांच्या पायाशी बघितलं. तिथं पायपुसणं होतं. मग जे हसू फुटलं ते वरच्या खिडक्यांतून बघणाऱ्यांपर्यंत गेलं. भिंगरीचे कान तापले. पण मामा हसले नाहीत, आणि काकूही नाहीत. काकू विचारात पडल्या होत्या.

"म्हणजे मी ती पांढरी गाडी इतके दिवस थांबवतेय," त्या मामांना म्हणाल्या, "ती मी थांबवतेय की तुम्ही?"

मामा गुडघा चोळत बसले. गल्लीत त्यांचे जुने विद्यार्थी निदान दहा तरी असतील. त्यांचंही हसू हळूहळू उतरलं. त्या दिवशी कितीतरी लोक घरी जाताना मोकळ्या रस्त्यावर उगाचच ब्रेक दाबून बघत होते.

घरी परतल्यावर मामांनी दोन गोष्टी सांगितल्या. सीट बसड्रायव्हरला मिळेल, बोलणं ते बोलणं. आणि दोष निम्मा माझा आहे. जू दोघांच्या मानेवर आणि ओढत होतो मी एकटाच. तू नुसता चालत होतास आणि तुला वाटत होतं की औत तूच ओढतोयस. हे सांगून ते जेवायला बसले. आईनं दोघांच्या ताटात सारखंच वाढलं, त्यावरून भिंगरीला निकाल समजला.

काकूंना नवा आरसा देणं आलं. काचवाल्याकडून तो आणायचा तर पिवळीत आरसा सोडा, छत्रीसुद्धा आडवी मावत नव्हती. तेव्हा भिंगरीनं तो पाठीवर बांधला आणि शहराच्या त्या टोकापासून या टोकाला चालत निघाला. रस्त्यातून आरसा नेणाऱ्या माणसाला गाड्या कशा दिसतात हे तेव्हा त्याला कळलं. काचवाल्यानं त्याच्या हातात एक लहान आरसा दिला होता, मागचं दिसावं म्हणून. त्यात मागून येणारी प्रत्येक गाडी दिसायची, आणि ती थांबेल की नाही हे तिच्या आतल्या माणसाच्या पायावर अवलंबून होतं, जो पाय काही केल्या दिसत नव्हता. एक टेम्पो इतका जवळ येऊन थांबला की त्याची ऊब भिंगरीच्या पोटऱ्यांना लागली. भिंगरीनं त्याला शिवी दिली नाही. तो हक्क आपला गेलाय, हे त्याला मान्य होतं. काकूंच्या दारात पोचला तेव्हा त्याच्या अंगातलं पाणी सगळं शर्टात उतरलं होतं. काकूंनी आरसा उलटसुलट बघितला, मग त्याला बघितलं, आणि आतून पाणी आणून दिलं. म्हणाल्या काही नाहीत. त्यांच्या बाबतीत हीच माफी.

त्यानंतर पिवळीवर नवं नेलपॉलिश लागलं नाही. तो एकटाच चालवायचा. शेजारच्या सीटवर आईच्या सांगण्यावरून कणकेचा डबा ठेवायचा, कारण डबा ब्रेक दाबत नाही, हे आईचं म्हणणं.

इकडं बसड्रायव्हर सीटवर बसला आणि शाळेत निराळीच तक्रार सुरू झाली. माणूस भला होता, पण बसथांबा दिसला की त्याचा पाय आपोआप खाली जायचा. विद्यार्थी सरळ चाललेले असायचे आणि गाडी थांब्याला लागायची. एकदा तर एक आजोबा मागचं दार उघडून आत येऊन बसले. काकूंनी मामांना सांगितलं की मला गाडी शिकायची आहे, फेऱ्या मारायच्या नाहीत. बसड्रायव्हरनंच मग हात जोडले. माझा पाय आता शिकण्याच्या पलीकडं गेलाय, म्हणाला.

मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत पिवळीभोवती चक्कर मारली. वाकून बघितलं, हात फिरवून बघितला. चूळ भरली आणि पांढऱ्या गाडीची किल्ली भिंगरीच्या खिशात टाकली.

पहिली शिकवणी काकूंचीच. भिंगरी मामांच्या खळग्यात बसला. तो त्याला दोन्हीकडून मोठा होत होता. मामा, नुसतं बघायला म्हणून, मागच्या सीटवर. काकूंनी गाडी काढली. शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी आडवी आली. भिंगरीचा पाय ब्रेकच्या वर आला आणि तिथंच, वीतभर अंतरावर, थांबला. दाबू? काकूंच्या कपाळावर घाम आला. हातगाडी जवळ आली. भिंगरीनं पाय खाली नेला नाही.

काकूंनी ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन, वेडीवाकडी, पण हातगाडीच्या चांगली अलीकडं उभी राहिली.

त्याच क्षणी मागून आवाज आला. ठप.

काकूंनी आरशात बघितलं. "मामा," त्या म्हणाल्या, "तिकडं काय आहे?"

"काही नाही," मामा पाय मागं घेत म्हणाले. "तुम्ही चालवा."