तिसरं जात नाही ना?

आमच्या दुकानातले किस्से इतके साठलेत की कुणाकडे गणपतीच्या जेवणाला गेलो की पानं वाढायच्या आधीच लोक विचारतात, "अवि, नवीन काय?" अरे, नवीन काय म्हणजे? इथे माझं बीपी वाढतं आणि तुमची करमणूक होते! पण विचारलंत तर सांगतो. सांगितल्याशिवाय मलाही चैन पडत नाही.

दुकान दोह्यात. शिकारीचं सामान विकतो. तंबू, दुर्बिणी, शिकारी ससाण्यांचे डोळे झाकायच्या टोप्या, आणि मागच्या वर्कशॉपमध्ये परवानेवाल्या शॉटगनची सर्व्हिसिंग. मी नाशिकचा बी.कॉम., कागदपत्रं सांभाळतो. बंदूक म्हणाल तर दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल तेवढं माहीत, तेही मी दुसऱ्याला उडवायला द्यायचो आणि स्वतः कानात बोटं घालायचो.

पहिल्याच दिवशी वर्कशॉपच्या फ्रान्सिस अंकलनी माझ्या टेबलावर एक बंदूक आणून ठेवली. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

"अंकल, भरलेली आहे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की रे."

"मग तिचं तोंड तिकडे करा ना!"

"अरे बाबा, तिकडे मॅनेजर बसतो!"

* * *

फ्रान्सिस अंकल वसईचे. वय बासष्ट, हात सोन्यासारखे. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बंदुकांच्या बॅरलखाली काडतुसांची एक नळी असते, तिच्यात मुळात चार काडतुसं मावतात, एक चेंबरमध्ये, म्हणजे पाच. पण परवान्यावर लिहिलेलं असतं तीन. मग नळीत एक लाकडी दांडी बसवायची, की दोनच मावतात. सर्व्हिसिंग झाली की अंकल बिनदारूची बनावट काडतुसं घालून बघतात. एक गेलं, दोन गेलं. तिसरं जात नाही ना? नाही! मग रजिस्टरवर त्यांची सही आणि खाली माझी. माझी सही का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एकदा एक गिऱ्हाईक हटूनच बसलं. "माझा भाऊ या वर्षी येत नाहीये. त्याच्या वाटची दोन मला द्या ना! काढा ती दांडी."

अंकल शांतपणे म्हणाले, "काढतो की. तुम्ही तोवर माझं मुंबईचं तिकीट घेऊन या."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या तिकिटाची भीती खरी होती. गेल्या वर्षी अंकलनी एका बंदुकीचा स्क्रू सैल सोडला होता. मॅनेजरनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्यांना झापलं. "अजून एक तक्रार आली की खलास! घरी!" सोफ्यावर अबू सालेम नावाचे म्हातारे कतरी गृहस्थ गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसले होते. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून गेले.

अंकलची बायको, फिलोमिना आंटी, इथेच एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या नोकरीची दोन वर्षं उरलीत. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यातली बावीस दोघं वेगवेगळ्या देशांत राहिली. आत्ता कुठे दोह्याजवळच्या मुऐदरला एका छपराखाली आलीत. अंकलना घरी पाठवलं तर पुन्हा तेच. म्हणून त्या दिवसापासून अंकल प्रत्येक बंदूक दोनदा तपासतात आणि मी तिसऱ्यांदा विचारतो.

* * *

या विचारण्याची सवय घरीही लागली. एका शुक्रवारी अल खोरला पिकनिकला निघालो. हायवेला लागलो आणि मला वाटलं, गॅस बंद केला का? गाडी वळवली. बंद होता. पुन्हा निघालो. कुलूप लावलं का? पुन्हा वळवली. सायली, माझी बायको, दातओठ खात बसलेली. मी कुलूप ओढून बघतोय तर खिडकीतून ओरडली, "तिसरं जात नाही ना? मग चला आता!"

नऊ वर्षांचा चिरंजीव मागच्या सीटवरून म्हणाला, "बाबा, इट्स लॉक्ड. डू यू वॉन्ट टु साइन इट?"

* * *

आता हा किस्सा नीट ऐका, कारण सगळी भानगड इथूनच सुरू झाली.

शिकारीच्या हंगामात नियम कडक असतात. कुठले पक्षी चालतात, किती दिवस, सगळं ठरलेलं. पक्ष्यांचे आवाज काढून त्यांना भुलवणारी यंत्रं तर साफ बंद. मंगळवारी इन्स्पेक्टर तपासणीला आले. वर्कशॉपमध्ये अंकल अबू सालेमच्या बंदुकीची जोडणी करत होते. काउंटरवर अबू सालेमचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होता. इन्स्पेक्टर माझ्या टेबलापाशी येतात न येतात तोच ड्रॉवरमधून आवाज आला. कुहू! कुहू! कुहू!

सायलीचा फोन आला की माझ्या मोबाइलवर कोकिळा ओरडते. तिनेच लावून दिलीय, हौसेने.

इन्स्पेक्टर थांबले. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक. "हा कुठला पक्षी?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, वाइफ!"

ते हसता हसता खुर्चीत बसले. मॅनेजर हसले. चहा आला. अंकलही हसत बाहेर आले. त्या गडबडीत ड्रायव्हरने बंदूक उचलली, अंकलनी सही केली, मीही केली.

* * *

गुरुवारी दुपारी अंकल फडकी झटकत होते. फडक्यातून एक दांडी खाली पडली. टक् असा आवाज झाला आणि लाकडाची ती वीतभर काडी माझ्या पायाशी घरंगळत आली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अबू सालेमची! म्हणजे त्यांची बंदूक तीनाची नाही, पाचाची होऊन वाळवंटात गेली होती. हंगामात कॅम्पवर तपासणी होते. सापडली तर त्यांचा परवाना जाणार, बंदूक जप्त होणार, आणि रजिस्टरवर खाली आमच्या दोघांच्या सह्या. खरं सांगतो, आधी मला माझीच काळजी वाटली. मग अंकलकडे लक्ष गेलं. दांडी उचलून ती फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत होते.

"फिलोमिनाला काय सांगू रे?" ते म्हणाले.

फोन करावा तर नंबर मॅनेजरच्या फाइलमध्ये. मागितला की कशाला म्हणून विचारणार. पण कॅम्प अंकलना ठाऊक होता. अबू सालेम त्यांना दर हिवाळ्यात जेवायला बोलवतात.

शुक्रवारी सकाळी माझ्या गाडीतून निघालो. अल खोरच्याही पुढे, मग डांबर संपलं. अंकलच्या खिशात दांडी आणि बनावट काडतुसं. वाटेत पोलिसांची एक गाडी दिसली तर मी उगाचच ब्रेक मारला. त्या दिवशी गॅस आठवला नाही की कुलूप आठवलं नाही.

अबू सालेम तंबूबाहेर शेकोटीपाशी बसले होते. "फ्रान्सिस! ये, ये!" अंकल कसेबसे म्हणाले, "बंदूक जरा बघायची होती." म्हाताऱ्याने कपाळाला आठी न घालता बंदूक आणून दिली.

अंकलनी ती रिकामी असल्याची खात्री केली. पहिलं काडतूस घातलं. गेलं. दुसरं घातलं.

जाईना!

"अंकल, दुसरं जात नाही?"

"नाही जात."

"पण आपल्याला तिसऱ्याची काळजी होती ना!"

अंकलनी नळी खोलली. आतून तंबूच्या खुंटीचा तुकडा निघाला, चाकूने तासून गोल केलेला. त्यांनी तो खिशातल्या दांडीशेजारी धरला. त्यांच्यातला कारागीर गप्प बसेना. "काम छान केलंय. पण चांगला दोन बोटं लांब झालाय."

"अच्छा!" अबू सालेमनी मांडीवर थाप मारली. "तीन दिवस तिसऱ्या बाराला बंदूक रिकामी! नातवंडं म्हणतात, आजोबांना मोजता येत नाही!"

अंकलचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला कळलं होतं, तर दुकानात एक फोन करायचा ना. मी धावत आलो असतो."

अबू सालेमनी अंकलच्या कपात गहवा ओतला.

"दुकानाचा फोन मॅनेजर उचलतो," ते म्हणाले.