तिसऱ्या आरशावरचा कागद

पंचांच्या सलूनमध्ये खुर्च्या तीन आणि आरसेही तीन. पण तिसऱ्या खुर्चीत बसणाऱ्याला आपला चेहरा नाकाच्या वरच दिसायचा. आरशाचा खालचा अर्धा भाग एका मोठ्या कागदाने झाकलेला असायचा, त्यामुळे दाढी नीट झाली की नाही हे त्या माणसाला घरी गेल्यावर बायको सांगायची. तक्रार मात्र कुणी करत नसे. उलट त्याच खुर्चीसाठी लोक ताटकळत बसायचे, कारण त्या कागदावर हॉकी क्लबातल्या पोरींची परीक्षा लिहिलेली असे.

पंच म्हणजे काही खरे पंच नव्हेत. हॉकीची स्टिक त्यांनी जन्मात एकदाच हातात धरली होती, तीही पंख्यावरची जळमटं काढायला. पण हंगाम सुरू होण्याआधी मुलींच्या संघाचा जो सराव सामना व्हायचा, तो त्यांनी बावीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. त्या दिवशी सलूनला कुलूप. मैदानाच्या कडेला पाचव्या पायरीवर पाठीला उशी, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. सामना संपला की घरी येऊन ते कागदावर निकाल उतरवत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरशावर डकवत. त्यात ना भीड ना मुरवत, म्हणून लोकांनीच त्यांना पंच म्हणायला सुरुवात केली. मूळ नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

त्यांची कसोटी एकच होती. माणूस मान किती स्थिर ठेवतो? पस्तीस वर्षं लोकांच्या कानांभोवती कात्री फिरवल्यावर त्यांचं ठाम मत झालं होतं की जगात दोन प्रकारची माणसं असतात, खुर्चीत गप्प बसणारी आणि हलणारी. गप्प बसणारी ती शहाणी, भरवशाची, पुढे जाणारी. हलणाऱ्यांचं काही खरं नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी तसे ते मानेवरून खेळाडूची परीक्षा करायचे.

आता न्हाव्याच्या खुर्चीत जे चांगलं ते मैदानात चांगलं असतंच असं नाही, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. एका गोलकीपरबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘ही भिंत आहे.’ ती पहिल्याच सामन्यात भिंतीसारखीच उभी राहिली आणि नऊ बॉल तिच्या शेजारून आत गेले. दुसऱ्या एका मुलीबद्दल लिहिलं होतं, ‘अंगात मुंग्या भरल्या आहेत, मान फिरकीसारखी फिरते, हिने घरी बसून लोकर विणावी.’ ती पुढे देशाकडून खेळली. पंच म्हणाले, नशीब बलवत्तर, दुसरं काय!

थोडक्यात, पंच ज्याला चांगलं म्हणतील ते हमखास बुडे आणि ज्याला नावं ठेवतील त्याचं भलं होई. बावीस वर्षांत एकही अपवाद नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. क्लबच्या कोचना तर चांगलंच माहीत होतं. सतरा नावं ते बिनदिक्कत ठरवायचे, पण अठराव्या नावावर त्यांचं घोडं दरवर्षी अडे. मग ते दाढीच्या निमित्ताने तिसऱ्या खुर्चीत येऊन बसत, कागद वाचत, आणि ज्या मुलीला पंचांनी सगळ्यात जास्त झोडपलं असेल तिला घेऊन टाकत. हे पंचांना कुणी सांगायचं नाही, आणि खेळणाऱ्या मुलींच्या कानावरही जाऊ द्यायचं नाही, असा गल्लीचा अलिखित नियम होता. पहिलं दयेपोटी, दुसरं मुली बिथरू नयेत म्हणून.

या वर्षी नव्या मुलींमध्ये पंचांची सख्खी भाची होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिची आई, म्हणजे पंचांची ताई, सलूनमध्ये आली. ताई शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि एरवी काचेच्या नळ्यांशी बोलावं तसं भावाशी जपून बोलायची. आली ती बाकावर बसली. पंख्याबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली, नव्या वस्तऱ्याची चौकशी केली.

“ताई, ताकाला आलीस ना? मग भांडं कशाला लपवतेस?” पंच म्हणाले.

“उद्या पोरीचा सामना आहे.”

“मला सांगतेस? उशी बाहेर काढून ठेवलीये मी. आणि हे बघ, आजवर कुणाची भीड धरली नाही, पण उद्या धरणार. पोरगी खुर्चीत दोन मिनिटं गप्प बसत नाही हे खरं. तरी लिहिणार, हिच्यासारखी दुसरी होणे नाही!”

ताईने कपाळाला हात लावला. “अरे बाबा, पाया पडते तुझ्या. तेवढं नको करूस.”

“का?”

“चांगलं लिहू नकोस. वाईट लिही. जितकं वाईट लिहिता येईल तितकं लिही.”

आणि मग तिच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. भिंत, मुंग्या, अठरावं नाव, कोचची दाढी. पहिल्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने साबण लावलेल्या तोंडानेच मान डोलावली, म्हणजे तोही साक्षीदार. पंच तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. लोक आपला शब्द झेलायला तिसऱ्या खुर्चीसाठी थांबतात असं ते समजत होते, आणि लोक थांबत होते ते हसायला.

“बावीस वर्षं?” त्यांनी विचारलं.

“तेवीस,” साबणातून आवाज आला. “पहिल्या वर्षी तुम्ही कागद दाराला लावला होता.”

दुसऱ्या दिवशी पंच उशी न घेताच मैदानावर गेले. वही उघडली नाही. अठराव्या जागेसाठी दोघीच उरल्या होत्या, त्यांची भाची आणि एक उंच मुलगी. उंच मुलगी अशी उभी होती की बघत राहावं. मान सरळ, खांदे सरळ, नजर समोर. जुने पंच असते तर डोळे झाकून तिला पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळे झाले असते. भाची मात्र दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, मागे वळ, पुन्हा डावीकडे. पंचांचा हात आपोआप वर गेला, तिची हनुवटी धरायला.

मग बॉल आला. उंच मुलीच्या मागून आला, तिला पत्ताच नाही. भाचीने मात्र त्याआधीच दोनदा वळून पाहिलं होतं. तिने बॉल स्टिकवर घेतला, एकीला डावीकडे झुलवलं, दुसरीला उजवीकडे, आणि गोल. अर्ध्या तासाने दुसरा. पंच पाचव्या पायरीवर बसल्या बसल्या गार पडले. मान हलत होती म्हणूनच पोरीला दिसत होतं! इतकी साधी गोष्ट, आणि ती कळायला पस्तीस वर्षं कात्री चालवावी लागली. दुसऱ्या गोलाला ते एवढ्या जोरात ओरडले की पुढच्या पायरीवरच्या माणसाचा चहा त्याच्याच पायजम्यावर सांडला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खेळाडू नीट दिसला होता, आणि नेमकं तेच लिहायची सोय नव्हती. घरी आल्यावर ते कागदापुढे बराच वेळ बसले. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. ‘सर्वोत्तम’ असा शब्द त्यांनी लिहिला, पाहिला आणि कागद चुरगळला. दुसऱ्या कागदावर उंच मुलीचं तोंड भरून कौतुक केलं. आणि सगळ्यात खाली दात-ओठ खात लिहिलं, ‘माझी भाची. नातं असलं तरी खरं बोललं पाहिजे. मान एका जागी राहत नाही. गोल झाले ते चुकून. हिचा काही उपयोग नाही.’

सकाळी कोच आले, तिसऱ्या खुर्चीत बसले आणि वाचू लागले.

“पंच, सगळ्यात वाईट कोण, तर तुमचीच भाची?”

“काय करणार,” पंच म्हणाले. आवाज फुटला, तो त्यांनी खोकल्यात घातला. “डोळ्यांना जे दिसलं ते लिहिलं.”

“तुमच्या डोळ्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे,” कोच म्हणाले आणि उरलेली दाढी होईपर्यंत साबणाआडून हसू दाबत राहिले. दुपारी क्लबच्या फळ्यावर यादी लागली. अठरावं नाव भाचीचं होतं.

संध्याकाळी ती केस कापायला आली. हंगामाआधी सगळ्या मुली केस आखूड करत. दारातून नाचतच आत आली, तिसऱ्या खुर्चीत टुणकन बसली आणि समोरचा कागद वाचायला लागली. तो काढून ठेवायचं पंचांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

पंचांनी गळ्याला कापड बांधलं, पाणी मारलं, कात्री चालवायला सुरुवात केली. आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरगी हलत नाहीये. कान कापायचा झाला तरी हलली नसती. डोळे भरलेले, ओठ आत घेतलेले, मान दगडासारखी.

“बघ मामा,” ती हळूच म्हणाली. “मला येतं गप्प बसायला. मैदानावरही शिकेन.”

पंचांनी कात्री खाली ठेवली.

“हल.”

“काय?”

“हल म्हणतो ना! डावीकडे बघ. मागे बघ. खबरदार पुन्हा अशी बसलीस तर!” ते खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. “तो कागद खोटा आहे. त्या मैदानावर तुझ्यासारखी एकही नव्हती. तसं लिहिलं असतं तर तू आज घरी बसली असतीस.”

गल्लीचा नियम मोडून त्यांनी तिला सगळं सांगितलं. भिंत सांगितली, मुंग्या सांगितल्या, कोचची दाढीही सांगितली. भाची आधी ऐकत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाही लागली. अर्धे केस लांब, अर्धे आखूड, अशी ती कापडासकट उठली आणि मामाच्या गळ्यात पडली.

“पुढच्या वर्षी काय लिहिशील?” तिने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसूनच विचारलं.

“याहून वाईट.”

“शप्पथ?”

“शप्पथ,” पंच डोळे पुसत म्हणाले. “एक चांगला शब्द लिहिणार नाही.”