तेराचा पाढा, तीन तोंडांचा

आमच्या घरी शाळा भरली की आईला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. नियम आईचाच. ती पळीनं थाळी वाजवायची, पदर कमरेला खोचायची आणि तिथून पुढं आम्हा तिघांची बाई व्हायची. तहान लागली तर "बाई, पाणी प्यायले जाऊ?" असं रीतसर विचारायचं. पाणी द्यायची अर्थात तीच. धाकटा मात्र कुठं पडला-झडला की सगळं विसरून "आई वं" करायचा, आणि मग त्या दिवशीची शाळा तिथंच सुटायची. तो मुद्दाम पडतो असा माझा पक्का संशय होता.

एटापल्लीच्या पुढं, जिथून सूरजागडचे डोंगर दिसतात, तिथं जंगल खात्याचा नाका होता आणि बाबा त्या नाक्यावर नाकेदार. नाका, क्वार्टर, विहीर, की संपलं गाव. शाळा होती ती नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात नाला कोणाच्या बापाचं ऐकत नसे. बाबा म्हणाले, पोरांना चंद्रपूरला मावशीकडे ठेवू. आई म्हणाली, एवढीशी लेकरं कुठं पाठवता, मी सातवी कशाला शिकली मग? ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या आसपासची ही गोष्ट.

आता अडचण अशी, की चूल एक, बाई एक आणि विद्यार्थी तीन. तिघांचे पाढे वेगवेगळे ऐकत बसलं तर भाकरी करपणार. म्हणून आईनं जुगाड काढला. पाढा एकच, तोंडं तीन. धाकट्यानं म्हणायचं "तेरा एके तेरा", मी "तेरा दुणे सव्वीस", ताईनं "तेरा त्रिक एकोणचाळीस", की पुन्हा धाकटा. असं फिरत फिरत दहापर्यंत. पहिलं आणि शेवटचं धाकट्याला, कारण ते सोपं. तेरा म्हणजे किती हे त्याला ठाऊकही नव्हतं, पण त्याचं "तेरा साते एक्याण्णव" ऐकून नाक्यावर थांबलेले ट्रकवाले त्याला पेरू द्यायचे. तेरा आठे एकशे चार हे त्याच्याहून अवघड, ते माझ्याकडे होतं, पण मला कधी कोणी पेरू दिला नाही. मधल्या पोरीचं हे असंच असते बापा.

पाढेच काय, सगळंच आम्ही वाटून घेतलं होतं. कवितेची कडवी वाटलेली, नद्या वाटलेल्या. इंद्रावती ताईची, प्राणहिता माझी, गोदावरी धाकट्याची. ताईनं चुकून माझी प्राणहिता म्हटली तर मी सरळ तिची वेणी ओढायची.

मग ताईला खरोखरच्या शाळेत, पाचवीत घालायचं ठरलं. चंद्रपूरची मुलींची शाळा. दाखला तर नव्हता, म्हणून तिथल्या मोठ्या बाई स्वतः परीक्षा घेणार होत्या. आलं तर पाचवी, नाही तर दुसरीत बारक्या पोरींसोबत. ताई इतकी उंच, की दुसरीच्या बाकात तिचे गुडघेच मावले नसते. ती धास्तीनं धड जेवेना. आई तर तिच्याहून घाबरलेली, कारण नापास काय एकटी ताई थोडीच होणार होती.

धाकटा ताईला सोडेना म्हणून आम्ही सगळेच एसटीत बसून गेलो. ताईला आत बोलावलं. आई, मी आणि धाकटा व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला आणि तेराचा पाढा म्हणायला सांगितलं.

माझा जीव भांड्यात पडला. तेराचा तर आम्हाला झोपेतही यायचा.

ताई गप्प. मोठ्या बाईंनी पुन्हा सांगितलं. ताई गप्पच. अहो, येत होता तिला. आमचे दोघांचे तुकडे ती रोज ऐकायची. पण तिचं तोंड उघडायचं ते त्रिकला. तिच्या आधी दोघांची पाळी होती, आणि ती शहाण्या मुलीसारखी आपली पाळी यायची वाट पाहत उभी होती. आईच्या हे लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. मोठ्या बाईंनी येत नाही का म्हणून विचारलं आणि पेन उचललं.

तेवढ्यात धाकटा बाकावर उभा राहिला. त्याला परीक्षा-बिरीक्षा काही कळत नव्हतं, आपली पाळी चुकते आहे एवढंच कळत होतं. त्यानं गळा काढला, "तेरा एके तेरा." माझ्या तोंडानं मला विचारलंच नाही, "तेरा दुणे सव्वीस." आणि आतून, अगदी वेळेवर, ताई म्हणाली, "तेरा त्रिक एकोणचाळीस." मग काय, गाडी सुटली. खिडकीच्या आतबाहेर करत पाढा दहापर्यंत गेला. घंटेजवळचा शिपाई तोंडावर हात ठेवून हसत होता.

मोठ्या बाई बाहेर आल्या, मागून ताई. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिला शिकवलं कोणी, असं विचारलं. ताईनं आईकडे बोट दाखवलं.

"ह्या आमच्या बाई."

आई लाजून लालेलाल झाली. मोठ्या बाई तिच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमची शाळा चांगली आहे. पण आमच्या शाळेत प्रत्येकीला अख्खा पाढा एकटीनं म्हणावा लागतो."

मग त्यांनी पाटीवर गणितं घातली. ती ताईनं खटाखट सोडवली. पाचवी मिळाली, फक्त दिवाळीपर्यंत पाढे एकटीनं म्हणायची अट घातली. ताई मावशीकडे राहिली आणि आम्ही दोघं परत नाक्यावर.

आई म्हणाली, आता दोघांत वाटून घ्या. धाकटा ऐकेना. माझं सव्वीस झालं की तो थांबायचा. मी त्रिक म्हणायला गेले की तोंडावर हात ठेवायचा, ते ताईचं आहे म्हणायचा. थोडं थांबून मग आपलं चोक म्हणायचा. आमच्या घरी तेव्हा एकोणचाळीस नव्हतेच. आईनंही कधी टोकलं नाही. त्या थांबण्यात ती भाकरी उलटून घ्यायची.

दिवाळीच्या सुट्टीत ताई आली, दोन वेण्या, लाल रिबिनी. आईनं हौसेनं थाळी वाजवली. धाकटा एके म्हणायला तोंड उघडतच होता, तर ताई हात मागं बांधून ताठ उभी राहिली आणि एका दमात अख्खा तेराचा म्हणून मोकळी झाली. एके, दुणे, आठे, दाहे, सगळं. कुठं अडकली नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. वेणी हाताशीच होती, पण मी ओढली नाही.

धाकटा तिच्याकडे पाहत राहिला. मग चुलीपाशी गेला आणि शाळा भरली आहे हे विसरून त्यानं पदर ओढला.

"आई वं, ताई माझं बी म्हणून राह्यली."

आईनं त्याला जवळ घेतलं. "म्हणू दे बाबू. तिले तिथी एकटीलेच म्हणा लागते."

त्या दिवशीची शाळा तिथंच सुटली.