काळ्यावर काळा दोरा

धाकटे मास्तर कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवत. गिऱ्हाईक पँटचं माप द्यायला येई आणि थोरल्या भावाचं गाऱ्हाणं ऐकून जाई. गाऱ्हाणं एकच. दोघांचं दुकान एकत्र होतं तेव्हा वकिलांचे काळे कोट आले की दादा ते झटकन स्वतःच्या मशीनवर ओढायचा आणि याच्यापुढे उशांचे अभ्रे टाकायचा. "कोट त्याचे, अभ्रे माझे! माझ्या हातांना काय कीड लागली होती?" असं म्हणत मास्तरांनी वेगळं दुकान थाटलं. दोन गल्ल्या पलीकडच्या भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

एका संध्याकाळी मुलगी इंग्रजीचा अभ्यास घेऊन दुकानात बसली होती.

"बाबा, मिसकन्स्ट्रू म्हणजे कुणाच्या वागण्याबोलण्याचा भलताच अर्थ लावणं. एक उदाहरण सांगा ना."

"हात्तिच्या! लिही. माझ्या काकांनी बाबांच्या गप्प बसण्याचा अर्थ बावळटपणा असा लावला."

"तुम्ही आणि गप्प? बाबा, खरं उदाहरण हवंय."

तेवढ्यात दारात वहिनी उभी. हातात अर्धवट शिवलेला काळा कोट.

"भाऊजी, एवढा पुरा करून द्या. यांना आता दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"काळ्यावर काळा दोरा. जन्मभर डोळे फोडले त्यात. तुमचे डोळे लहानपणापासून अधू, म्हणून तुम्हाला काळ्याला हात लावू दिला नाही."

"मग तोंडाने सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं, तर हट्टाने चार कोट जास्त शिवले असते तुम्ही. ओळखून होते ते."

मास्तरांनी वहिनीच्या हातातून कोट काढून घेतला. मुलीने पेन्सिल खाली ठेवली.

कोट घेऊन ते तडक दादाकडे गेले. दादा खिडकीशी बसला होता, तोंड भिंतीकडे. पावलांवरून त्याने ओळखलं.

"आलास होय?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. डोळ्यांतून नुसत्या धारा. दादाला त्या कुठून दिसणार?

"बोलत नाहीस. म्हणजे राग आहेच अजून." दादाने चाचपत हात पुढे केला. तो कोटाला लागला. बोटं कॉलरवरून फिरली, कापड ओळखीचं निघालं.

"काळा आहे रे हा. दे इकडे," म्हणत त्याने कोट ओढला.

या वेळी धाकट्याने सोडला नाही.