सापाच्या फिल्मची उरलेली दहा मिनिटं

इंद्रभान इंगोले यांना आसपासच्या शाळा 'पिच्चरवाले सर' म्हणत. खरं तर ते मास्तर नव्हतेच. कारंज्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, आणि निवृत्त झाल्यावर प्रोजेक्टर गोधडीत गुंडाळून एसटीनं विज्ञानाच्या फिल्म दाखवत हिंडू लागले. शाळा असो, बुद्धविहार असो की तांडा. खिडक्यांना खताची पोती लावायची, बायकोचं, वच्छलाबाईंचं, पांढरं लुगडं भिंतीवर ताणायचं आणि सुरू.

गेल्या जूनमध्ये ते सर्पदंशाची फिल्म घेऊन आमच्या शाळेत आले. मी तिथला मुख्याध्यापक. फिल्ममध्ये आधी गावकरी काय करतात ते होतं, म्हणजे पाय दोरीनं करकचून आवळणं. मग डॉक्टर येऊन सांगणार, हे अजिबात करू नका, पाय सडतो, सरळ दवाखाना गाठा. दोरी आवळून झाली आणि फाटकात संस्थेच्या अध्यक्षांची गाडी थांबली. तासभर आधीच टपकले. मग काय, शाल, नारळ, हार, प्रास्ताविक! ते चुकलं तर आमच्याकडे आभाळ कोसळतं. मीच पोती काढली, मीच दिवे लावले.

इंद्रभान हळूच म्हणाले, "सर, दहाच मिनिटं द्या. पोट्टे उलटंच समजून बसतीन."

"पुढच्या वेळी दाखवू हो," मी म्हणालो.

अध्यक्ष वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास बोलले. तोवर शाळा सुटली. पुढे इंद्रभानांनी तीनदा फोन करून तारीख मागितली. कधी चाचणी, कधी वृक्षारोपण. मी ती दिलीच नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या सातवीतल्या स्नेहाच्या भावाला, आठ वर्षांच्या उत्कर्षला, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, साप चावला. आईबाप लांबच्या वावरात निंदायला गेलेले. पोरगी रडत बसली नाही. बैलाचं दावं घेऊन तिनं त्याचा पाय आवळला. दवाखान्यात पोचेस्तोवर पाच तास गेले. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला.

मी आणि इंद्रभान भेटायला गेलो. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "विष फारसं भिनलंच नव्हतं. दोरीनं घात केला."

वॉर्डाच्या दारात स्नेहा उभी होती. इंद्रभानांना पाहून तिचा चेहरा खुलला. "सर, तुमच्या पिच्चरमंदी होतं तसंच बांधलं मी, एकदम घट्ट. पाय गेला, पन जीव वाचला नं त्याचा? बरोबर बांधलं नं मी?"

इंद्रभानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हाव माय, बरोबर बांधलं तू."

मी शेजारी मख्खासारखा उभा होतो. अजून स्वतःची शिसारी येते.

ते खोटं महिनाभरही टिकलं नाही. डॉक्टरांचं बोलणं गावात पोचलं. स्नेहा शाळेत येते, पण कुणाशी बोलत नाही. लोक म्हणतात, इंद्रभानच्या पिच्चरनं पोराचा पाय घेतला. आता त्यांना कुठलीच शाळा बोलवत नाही. मीसुद्धा बोलावलेलं नाही.