‘कदाचित’ म्हणणारे काका

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे, ते चालवून घ्यावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

देवळात पोथी वाचताना ‘कदाचित’ आलं की आमचे भटजीकाका त्या ओळीवर बोट ठेवून थांबायचे. चष्मा कपाळावर सरकवून आम्हा बायकांकडं बघायचे. "हे कोण बोललं, सांगा बरं?" मग स्वतःच सांगायचे, "जुन्या पोथ्यांत हा शब्द देव बोलत नाहीत. ऋषी नाहीत, राक्षस तर नाहीतच. शाप असो की वर, सगळं ठाम. ‘कदाचित’ म्हणतो तो दूत, दासी, नाहीतर वाट बघणारी आई. ज्याला पक्कं ठाऊक नाही, तो."

पुणतांब्यात लोक त्यांना चिडवायचे. "काका, जेवलात का?" "कदाचित," म्हणून ते स्वतःचं पोट चाचपून बघायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

एका दुष्काळात माझे मालक चाळीसगावकडं विहिरी खोल करायच्या कामावर गेले होते. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळं पत्राची आशा नव्हती. भाद्रपदात एका टेम्पोवाल्यानं बातमी आणली. तिकडं विहीर ढासळली आणि नगरकडचा एक गडी मातीखाली गेला. नाव त्याला ठाऊक नव्हतं.

थोरले दीर पळसाची पानं घेऊनच देवळात आले. ज्याचं प्रेत हाती येत नाही, त्याचा पानांचा पुतळा करून घाटावर जाळतात. एकदा जाळला की माणूस मेला. पुढं जिवंत आला तरी त्याला घरात घेताना बारशापासून सगळं नव्यानं करावं लागतं. माझं कुंकू त्याच दिवशी पुसलं जाणार होतं. मी खांबाआड उभी होते.

"काका, सर्वपित्रीच्या आत उरकून टाका. भाऊ तसाच भटकत ऱ्हाईल."

"तोंड कुणी पाहिलं?"

"कुनी न्हाई. पर दुसरा कोन असनार?"

"म्हणजे कदाचित."

"पोथीतलं पोथीत ठेवा! आई अन्न सोडून बसलीया. तुमी न्हाई केलं तर राहात्याचा भटजी आनतो."

काकांनी पोथी फडक्यात बांधली. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "आण त्याला. पण मी येईपर्यंत थांब, एवढं ऐक माझं."

"कुटं निगाला?"

"बघायला."

गावाची वेस क्वचितच ओलांडणारा तो माणूस मनमाडच्या गाडीत बसून गेला.

पानं वाळू नयेत म्हणून दिरांनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ओट्यावर ठेवली. पाणी शिंपडायचं काम सासूबाईंनी मला सांगितलं. प्यायला पाणी लांबून आणायचो आम्ही. त्यातलं ओंजळभर मी रोज त्या पानांवर घालायची. दीर राहात्याला जाऊन भटजी ठरवून आले.

सर्वपित्रीच्या आदल्या दुपारी काका आले. धोतर धुळीनं माखलेलं. ओट्यावर टेकले, पाणी मागितलं. मी तांब्या ठेवला, पण मान वर करायचा धीर होईना.

"पाहिला," ते म्हणाले. "हाताला धरून पाहिला. दुसऱ्या विहिरीवर आहे. दिवाळीला येतो म्हणाला."

दीर काकांजवळ आले. "मंग इतका उशीर व्हय काका? हितं आमचा जीव टांगणीला!"

"मेलेला गडी आपल्याच जिल्ह्यातला निघाला. कोपरगावजवळ त्याचं घर. येताना तिथं उतरलो." काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बायको दारातच होती. कडेवर लेकरू. ‘कदाचित’ म्हणून निघता आलं असतं रे. पण मला पक्कं ठाऊक होतं."

मी आत सासूबाईंना सांगायला धावले. बाहेर आले तर काका नव्हते. दीर खाली मान घालून बसले होते. तांब्या तसाच भरलेला होता.